ओळख देणाऱ्याची सही

माणसांना टोपणनावे चिकटतात तशी ती गावांनाही चिकटतात, आणि एकदा चिकटली की गाव बदलले तरी सुटत नाहीत. आमच्या सोलापूरचेच पाहा. बाहेरगावी कोणी 'गाव कोणतं?' म्हणून विचारले आणि 'सोलापूर' असे सांगितले, की समोरचा गृहस्थ हमखास म्हणतो, 'म्हणजे चादरीचं गाव!' जरा वयस्कर असला तर 'गिरण्यांचं गाव' म्हणतो. इतिहासाचा मास्तर असला तर 'हुतात्म्यांचं गाव'. भाविक असला तर 'सिद्धरामेश्वरांचं गाव', आणि खवय्या असला तर शेंगाचटणीची आठवण काढतो. अलीकडे पुण्यात विचारले, तर 'आमच्या ऑफिसात निम्मी मुलं तुमच्या सोलापूरचीच!' असे उत्तर मिळते. एकच गाव, पण ज्याच्या त्याच्या मनात ते वेगळे वसलेले आहे.

गावात मात्र गेली पंचवीस-तीस वर्षे एकच सूर ऐकू येतो. 'गिरण्या गेल्या आणि सोलापूरची ओळख गेली.' व्याख्यानमालेत हे ऐकू येते, लग्नाच्या पंगतीत ऐकू येते, हुरड्याला शेतावर गेले तर तिथेही ऐकू येते. ही हळहळ खोटी आहे असे मी म्हणणार नाही. माझे वडील एका गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होते, त्यामुळे ती मला परकीही नाही. पण मला वाटते, आपण प्रश्नच अर्धा मांडतो आहोत. गावाची ओळख कोणती, एवढेच आपण विचारतो. गावात ओळख कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे विचारत नाही.

हे मला सुचले ते बँकेच्या टेबलामुळे. तीसहून अधिक वर्षे मी बँकेत काढली. त्यातली बरीचशी सोलापूर आणि आसपासच्या शाखांत. तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण पूर्वी बचत खाते उघडायचे तर आधारकार्ड वगैरे काही नव्हते. अर्जाच्या तळाशी एक चौकोन असे आणि त्यावर छापलेले असे, 'ओळख देणाऱ्याची सही'. बँकेत ज्याचे खाते आधीपासून आहे अशा कोणीतरी सही करून सांगायचे, की मी या इसमाला ओळखतो. कित्येक गरिबांचे अर्ज त्या एका चौकोनापाशी अडत. गिरणी कामगाराचा अर्ज मात्र कधी अडला नाही. 'कुठल्या खात्यात?' 'विणखात्यात, साहेब.' 'जॉबर कोण?' एवढे विचारेपर्यंत रांगेतलाच कोणीतरी पुढे येई आणि 'आमच्याच पाळीतला हाय की ओ' म्हणत पेन मागून घेई. गिरणीचा पास खिशात असला की वाणी महिन्याची उधारी देई, घरमालक खोली देई, आणि मुलीचा बापही फार चौकशी करीत नसे.

म्हणजे गिरणीने नुसता पगार दिला नव्हता. माणसाला गावात एक जागा दिली होती. आणि ती कोणाला दिली हे पाहिले की तिचे मोल कळते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० साली सोलापुरात आला. पुढे १८७६ ते ७८ या वर्षांत दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. त्याच दुष्काळात, १८७७ साली, मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांच्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. कापूस जवळ, रेल्वे दाराशी, आणि पोटासाठी गाव सोडलेली माणसे हवी तेवढी. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि या पहिल्या गिरणीला लोक 'जुनी मिल' म्हणू लागले. आजही त्या भागाला तेच नाव आहे, फक्त मिल नाही.

या गिरण्यांत आले कोण? भोवतालच्या तालुक्यांतले कोरडवाहू शेतकरी आले. तेलंगणातून तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर आले. कन्नड बोलणारे आले, दखनी बोलणारे मुसलमान विणकर आले. गावाबाहेर काटेरी तारेच्या आत 'सेटलमेंट' होती. इंग्रज सरकारने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते, त्यांना तिथे कोंडले होते. त्यांच्यातलीही माणसे गिरणीत कामाला जात आणि हजेरी द्यायला परत कुंपणाच्या आत येत. तो काळा कायदा १९५२ साली रद्द झाला. सरकारदप्तरी गुन्हेगार असलेला माणूस गिरणीच्या हजेरीपटावर 'कामगार' होता, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

गिरणीत सारे गोड होते असे मात्र नव्हे. कापसाची धूळ छातीत भरून आयुष्यभर खोकणारी माणसे मी आमच्या वाड्यात पाहिली आहेत. बदली कामगार तर रोज पहाटे दारावर उभा राही आणि काम न मिळाल्यास डबा तसाच घेऊन परते. पण या भोंग्याच्या गावाला एक सामाईक घड्याळ होते, आणि तीन-चार भाषा बोलणारी माणसे त्या एका घड्याळावर जगत होती. त्यातूनच मे १९३० घडले. गांधीजींच्या अटकेनंतर गाव पेटले. गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, आणि इंग्रजांना सोलापुरात लष्करी कायदा पुकारावा लागला. त्या प्रकरणात १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. ही चार नावे सावकाश वाचली तरी हे गाव कोणत्या धाग्यांनी विणले होते ते कळते. त्यासाठी वेगळ्या भाषणाची गरज नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती खुद्द सोलापुरातही फारशी कोणाला ठाऊक नसते. १९४९ च्या ऑगस्टमध्ये जुन्या मिलच्या व्यवस्थापनाने गिरणी बंद केली. तेव्हा केंद्र सरकारने काय करावे? जानेवारी १९५० मध्ये खास त्या एका गिरणीसाठी वटहुकूम काढला आणि तिचा कारभार आपल्या हाती घेतला. मागाहून तसा कायदाही केला. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. पहिल्या खटल्यात १९५० साली सरकार टिकले. दुसऱ्या खटल्यात, डिसेंबर १९५३ मध्ये, न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. पुढे १९५५ साली घटनेची चौथी दुरुस्ती झाली आणि अशा रीतीने एखाद्या मालमत्तेचा कारभार सरकारला ठराविक मुदतीसाठी हाती घेता यावा, अशी तरतूद त्यात आली. कायद्याचे विद्यार्थी आजही 'सोलापूर मिल'चे खटले अभ्यासतात. सरकारने केले ते बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो. पण सोलापुरातली एक गिरणी बंद पडणे हा त्या काळी साऱ्या देशाचा प्रश्न होता, हे त्यातून दिसते.

नव्वदच्या दशकात तसे काही झाले नाही. जुनी मिल साठच्या दशकातच कायमची थांबली होती. शतक संपता संपता बाकीच्याही एकामागून एक थंड पडल्या. कारणे सर्वांना माहीत आहेत. यंत्रसामग्री जुनी, नवी घ्यायला मालकाचे मन नाही, यंत्रमागाचे कापड स्वस्त, कृत्रिम धाग्याची स्पर्धा, आणि गिरणीपेक्षा गिरणीखालच्या जमिनीला आलेला भाव. त्या जमिनींवर पुढे वसाहती, दुकाने, मंगल कार्यालये झाली. मी तेव्हा बँकेत होतो आणि शहरात काय चालले आहे हे मला वर्तमानपत्राआधी खात्यांवरून कळत होते. दर महिन्याला ठराविक तारखेला पगार जमा होणारी खाती आटत गेली. त्याच सुमारास सोनेतारण कर्जाची तिजोरी भरू लागली. आधी पाटल्या आल्या, मग कानातले आले, आणि शेवटी मणी-मंगळसूत्र आले. एक कामगार वीस-बावीस रुपये शिल्लक असलेले पासबुक घेऊन दर दोन महिन्यांनी येई आणि म्हणे, 'मिल परत चालू होतीय म्हणतेत, साहेब. खातं तेवढं बंद करू नका.' त्याला पैशांची काळजी नव्हती, ते नव्हतेच. गिरणीच्या नावाशी आपले नाव जोडणारा तो शेवटचा कागद त्याला राखायचा होता.

इथपर्यंतची कहाणी सगळे सांगतात. माझा मुद्दा यापुढचा आहे. गिरण्या गेल्या म्हणून सोलापूर काही उपाशी बसले नाही. गावाचा संसार कोणीतरी चालवलाच. तो चालवणाऱ्यांना आपण गावाच्या ओळखीत धरले नाही.

पहिले हे यंत्रमागवाले. कर्जाच्या तारणाचे सूत मोजायला मी महिन्यातून एकदा पूर्व भागात जात असे. बोळाच्या तोंडाशीच मागाची खटखट सुरू होई. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल, माडीवर कांड्या भरणाऱ्या बायका. मालक म्हणावा तर तोही बनियन घालून मागावर उभा, कारण त्याचा बाप विणकरच होता. याच बोळांतून जॅकार्डची ती उलटसुलट दोन्ही बाजूंनी वापरता येणारी चादर देशभर गेली आणि सोलापूरला नवे नाव मिळाले. पुढे चादरीची मागणी घटली तसे त्यांनी टॉवेल विणायला घेतले आणि ते परदेशी पाठवले. शाळेच्या गणवेशांचे कारखाने काढले. चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे सोलापूरबाहेर विणलेल्या मालाला त्या नावाने विकता येऊ नये अशी कायद्याची मोहोर मिळाली. तरी पानिपतचा माल 'सोलापुरी' म्हणून बाजारात दिसतो, हा भाग निराळा. पण कायद्याने चादरीचे नाव तरी जपले. ती विणणाऱ्याचे नाव कुठे आहे? नगावर मजुरी, आठवड्याला पगार, हजेरीपट बहुतेक ठिकाणी नाही, आणि भविष्यनिर्वाह निधी लागू करायचा म्हटले की वाद आणि बंद.

दुसऱ्या या विडी वळणाऱ्या बायका. गिरणीतून नवरा घरी बसला, तेव्हा किती घरांत हिच्या मांडीवरच्या सुपाने चूल पेटती ठेवली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. तेंदूचे पान भिजवायचे, कापायचे, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. हजार विड्या झाल्या की मजुरी, आणि त्यातही 'छाट' म्हणून बाजूला काढलेल्या विड्या तिच्याच नुकसानीच्या. पण या बाईकडे एक गोष्ट होती, जी यंत्रमागावरच्या पुरुषाकडे नव्हती. १९६६ चा विडी कामगार कायदा आणि १९७६ चा कल्याण निधी यांमुळे तिच्याकडे कामगार म्हणून ओळखपत्र होते. त्या कार्डावर मुलांना शिष्यवृत्ती मिळे, दवाखाना मिळे. हे कार्ड तिला कोणी दयेने दिले नव्हते. संघटनेने भांडून पदरात पाडून घेतले होते. पुढे त्याच जोरावर कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. त्याच कुंभारीत रे नगर या तीस हजार घरांच्या योजनेतली पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली, आणि त्यात यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, चालक अशा इतरांनाही छप्पर मिळाले. कोणत्या पक्षाने काय केले, याच्याशी आज मला कर्तव्य नाही. एका साध्या कार्डापासून केवढी गोष्ट उभी राहते, ते पाहावे.

आता शहर नवी ओळख शोधते आहे. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत सोलापूरचे नाव आले. जून २०२३ मध्ये विमानांच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली गेली. चिमण्यांच्या गावात एक चिमणी पडताना पाहायला मोठी गर्दी जमली. २०२५ साली प्रवासी विमान सुरू झाले. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर जवळ असल्याने तीर्थक्षेत्रांचे प्रवेशद्वार म्हणून गाव मिरवावे असे काही जण म्हणतात, काही जण आयटी पार्क मागतात. यातले काहीही मला नको आहे असे नाही. आमची मुले पुण्याच्या भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि सणासुदीला गाडीत उभ्याने येतात, ती गावातच राहिली तर कोणाला नको आहे? पण १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली. मालक, त्याच्या घरची माणसे आणि कामगार मिळून आठ जण गेले. मालकाचे कुटुंब आणि कामगार एकाच कारखान्यात झोपत होते. आजचे वस्त्रोद्योगाचे सोलापूर खरे कसे राहते, हे त्या एका पहाटेने दाखवले. ते चित्र कोणत्याही नव्या बिरुदात बसत नाही.

यावर यंत्रमागधारक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, कारण त्यांचे ताळेबंद मी वर्षानुवर्षे वाचले आहेत. 'साहेब, सुताचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक. विजेचे बिल अमुक. टॉवेलमागे सुटतात चार रुपये. निधी भरायचा कुठून?' यात तथ्य आहे. गिरणीच्या शेठजीची आणि या माणसाची तुलना करणे अन्यायाचे होईल. त्याच्या खांद्यावर गिरणीचे सारे ओझे टाकून चालणार नाही. म्हणूनच हे काम एकट्या मालकाचे नव्हे असे मी म्हणतो. विडीसाठी जसा उपकरातून कल्याण निधी उभा राहिला, तसा काही मार्ग यंत्रमागासाठी आणि शिवणकामासाठी सरकारने, महापालिकेने आणि कारखानदारांच्या संघांनी मिळून शोधला पाहिजे. निदान पहिली पायरी तरी स्वस्त आहे. प्रत्येक कामगाराचे नाव हजेरीपटावर चढावे आणि त्याच्या हाती एक पगारपत्रक पडावे. हे पगारपत्रक नसल्याने माझ्या टेबलासमोरून पंधरा-वीस वर्षे माग चालवलेली माणसे घरकर्जाविना परत गेली आहेत. दोनदोन पाळ्या करून ती पैसे मिळवीत होती. कागदावर मात्र ती बेकार होती.

दुसरी मागणी माझ्यातल्या लेखकाची आहे. गिरण्यांचे हजेरीपट, पगाराच्या वह्या, पास, बिल्ले कुठे आहेत? काही रद्दीत गेले, काही वाळवीने खाल्ले. जे एखाद्या निवृत्त कामगाराच्या ट्रंकेत उरले आहे ते आता तरी गोळा व्हावे. सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ २००४ पासून आहे. तिथल्या मुलांनी पूर्व भागात जाऊन तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू या भाषांत म्हाताऱ्यांच्या आठवणी नोंदवून घेतल्या, तर त्याहून चांगला प्रकल्प कोणता? कादंबरीत मी हे थोडेफार केले. पण कादंबरीकार नावे बदलतो, प्रसंग जुळवून घेतो. गावाला खरी नावे लागतात.

दर नोव्हेंबरात बँकेत पेन्शनरांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. निवृत्तीनंतरही मी कोणाची मदत करायला म्हणून जातो, तेव्हा जुने गिरणी कामगार भेटतात. १९९५ च्या योजनेतली त्यांची पेन्शन. कित्येकांची किमान हजार रुपयांच्या घरातली. यंत्रावर अंगठा ठेवायला सांगतात आणि अंगठा उमटत नाही. आयुष्यभर सूत हाताळून रेषाच गेलेल्या असतात. विडीवाल्या बायकांचेही तसेच. कोवळा मुलगा काउंटरवरून म्हणतो, 'आजोबा, मशीन तुम्हाला ओळखत नाही.' त्या मुलाचा काही दोष नाही. पण ज्या कामामुळे गावाला जगभर ओळखतात, त्याच कामाने ज्यांच्या बोटांवरची ओळख पुसली, त्यांना यंत्राने नाही तर निदान गावाने तरी ओळखावे.

बँकेच्या अर्जातला तो जुना चौकोन आता गेला आहे. त्याच्या जागी क्रमांक आले आणि सोयही झाली, हे मान्यच. तरी त्या चौकोनामागचा व्यवहार मला आजही शहाणपणाचा वाटतो. माणूस स्वतःची ओळख स्वतः सांगत नसे. शेजारी उभा असलेला दुसरा कोणी आपल्या नावानिशी त्याची हमी घेत असे. सोलापूरने पुढे चादरीचे गाव व्हावे, विमानाचे व्हावे, संगणकाचे व्हावे. जे व्हायचे ते होवो. मात्र ते वैभव उभे करणाऱ्या शेवटच्या कांडीवालीच्या नावापुढे हमीची सही करायला गाव तयार असले पाहिजे.